पंडिता रमाबाई यांचा धर्मविचार

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन आणि मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापक व बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. वैदिक परंपरेतील कर्मठ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा याच एका घटनेपुरती होते. तथापि त्यांचे आत्मकथन आणि पत्रव्यवहार पाहता त्यांचा धार्मिक प्रवास दोन टप्प्यांचा दिसतो. व्रते, तीर्थयात्रा आणि जातिनियम यांवर आधारलेली धर्मरीत त्यांनी पहिल्या टप्प्यात सोडली. ख्रिस्ती झाल्यावरही विश्वासाला नियम, मतपत्रिका आणि अधिकारी यांच्या चौकटीत बांधण्यास त्या तयार नव्हत्या. ज्या आनंदाचा आणि मोकळेपणाचा त्यांनी पुढे वारंवार उल्लेख केला, तो त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी गवसला. या लेखात त्यांच्या चरित्रातील मुख्यतः धर्मविचाराशी संबंधित भागाचा परामर्श घेतला आहे.

## संकल्पना: नियमशास्त्र आणि कृपा

रमाबाईंच्या धर्मविचाराचा गाभा समजण्यासाठी ख्रिस्ती धर्मातील एका जुन्या वादाची ओळख आवश्यक आहे. मराठी बायबलमध्ये मोशेने दिलेल्या विधिनियमांना ‘नियमशास्त्र’ असे म्हटले आहे. पहिल्या शतकात यहुदी नसलेले लोक ख्रिस्ती मंडळीत येऊ लागले, तेव्हा त्यांनी सुंता, आहाराचे निर्बंध आणि सणवार पाळावेत किंवा नाही, असा प्रश्न निर्माण झाला. प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात या प्रश्नाचे उत्तर दिले. नियम पाळून मनुष्य देवापुढे नीतिमान ठरत नाही. देवाची कृपा विश्वासाने स्वीकारल्याने तो नीतिमान ठरतो, असे पौलाचे प्रतिपादन आहे. याच पत्रात त्याने स्वातंत्र्य आणि स्वैराचार यांत भेद केला आहे. मिळालेले स्वातंत्र्य प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे, असे तो सांगतो.

सोळाव्या शतकात जर्मनीतील मार्टिन ल्यूथर याने हाच विचार नव्याने मांडला. १५२० साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरील त्याच्या पुस्तिकेत दोन विधाने एकत्र येतात: ख्रिस्ती मनुष्य कोणाचाही अंकित नाही आणि तरीही तो सर्वांचा सेवक आहे. प्रॉटेस्टंट पंथांत ही भूमिका तत्त्व म्हणून सर्वमान्य असली, तरी प्रत्यक्षात चर्चचे नियम, उपासनेच्या ठरावीक पद्धती आणि वरिष्ठांची आज्ञा यांना मोठे महत्त्व येत गेले. रमाबाई ज्या काळात ख्रिस्ती झाल्या, त्या काळी भारतातील मिशनांतही हीच स्थिती होती.

## नियमबद्ध बालपण

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि व्यासंगी वैष्णव पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रूढ संकेत मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. त्यामुळे त्यांना उडुपी येथील विद्वानांपुढे शास्त्राधारे आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले. पुढे त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे अरण्यात वास्तव्य केले. तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. त्या काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले आणि तेव्हापासून तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत त्यांचा निर्वाह चालू राहिला. रमाबाईंना संस्कृतचे पहिले धडे आईकडून मिळाले.

स्त्रीशिक्षणाबाबत अनंतशास्त्री आपल्या काळाच्या पुढे होते. धर्माचरणात मात्र ते काटेकोर होते. उपवास, स्नाने, दाने, प्रदक्षिणा, जप आणि ब्राह्मणभोजने यांवर कुटुंबाने जवळचे बहुतेक धन खर्च केले. १८७० च्या दशकातील दुष्काळात हा संचय संपला. पोट भरण्यासाठी मजुरी करणे हे पंडिताच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आणि भीक मागणेही लज्जास्पद, अशा कोंडीत वडिलांनी पवित्र तीर्थात देह ठेवण्याचा विचार केला. मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखविल्याने तो विचार मागे पडला. तरीही थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. आईच्या अंत्ययात्रेला पुरेसे खांदेकरी न मिळाल्याने रमाबाईंना स्वतः तिरडी उचलावी लागली.

नंतर रमाबाई आणि श्रीनिवास यांनी भारतभर हजारो मैलांची पायपीट केली. या प्रवासातील एक प्रसंग त्यांनी आत्मकथनात नोंदविला आहे. हिमालयाच्या परिसरातील एका तलावात तरंगणाऱ्या टेकड्या असून पुण्यवान यात्रेकरूकडे त्या आपोआप सरकत येतात, अशी समजूत होती. श्रीनिवास याने पहाटे पोहत जाऊन पाहिले, तेव्हा त्या माती आणि झाडे यांनी रचलेल्या तराफ्यांवर उभ्या असून त्यांच्या मागे लपलेले पुजारी त्या ढकलत असल्याचे त्याला आढळले. सर्व नियम पाळूनही मनाला शांती मिळाली नाही आणि देवाने साद दिली नाही, ही या काळाबद्दलची रमाबाईंची मुख्य तक्रार आहे. आईवडिलांच्या निष्ठेविषयी मात्र त्यांनी अखेरपर्यंत आदरानेच लिहिले.

## कोलकाता ते पुणे

१८७८ साली ही भावंडे कोलकात्यात पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने देता यावीत म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ अभ्यासले. या ग्रंथांत अनेक बाबतींत परस्परविरोध असला, तरी स्त्रिया आणि शूद्र यांना पुरुष ब्राह्मणाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही, याविषयी त्यांचे एकमत दिसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत भेट देऊन ती वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीला निषिद्ध मानलेला ग्रंथ वाचण्याचे धाडस त्यांनी केले. तथापि मनाचे समाधान झाले नाही.

श्रीनिवासच्या मृत्यूनंतर १८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबिहारी ब्राह्मणेतर असल्याने हा विवाह जातिनियमांविरुद्ध होता. आसाममधील सिल्चर येथे त्यांच्या घरातील पुस्तकांत रमाबाईंना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान सापडले. आयझॅक अ‍ॅलन या बॅप्टिस्ट मिशनऱ्याशी त्यांचा परिचयही तेथेच झाला. १८८१ साली कन्या मनोरमा हिचा जन्म झाला आणि १८८२ च्या प्रारंभी पटकीने बिपिनबिहारींचे निधन झाले.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि इतर सुधारकांच्या सहकार्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पुण्यातच त्यांचा नेहेम्या (नीळकंठशास्त्री) गोऱ्हे यांच्याशी संबंध आला. काशीतील विद्वान ब्राह्मण असलेले गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती झाले होते. ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांविषयी त्यांनी केलेल्या लेखनाचा आपल्यावर परिणाम झाल्याचे रमाबाईंनी मान्य केले आहे.

## वाँटेज आणि बाप्तिस्मा

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या उद्देशाने रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे ते शिक्षण शक्य झाले नाही. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली होती. या धर्मभगिनी लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत असत. तेथील काम पाहून आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून ख्रिस्त स्त्रीला तिच्या पूर्वायुष्यावरून दूर लोटत नाही, अशी रमाबाईंची खात्री झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. भारतात या घटनेवर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. धर्मांतर करणार नाही, असे त्यांनी निघताना सुहृदांना सांगितले होते.

## चर्चच्या अधिकाराशी वाद

बाप्तिस्म्यानंतर लवकरच रमाबाई आणि त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांच्यात मतभेद सुरू झाले. हा वाद पत्रांतून अनेक वर्षे चालला. जेराल्डीन यांनी जपून ठेवलेली ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत प्रकाशित केली. नवख्रिस्ती स्त्रीने पुरोहितवर्गाची सत्ता निमूटपणे स्वीकारण्यास दिलेला नकार म्हणून हा पत्रसंग्रह महत्त्वाचा मानला जातो. वादाचे मुख्य मुद्दे पुढीलप्रमाणे होते.

मतपत्रिका. त्रैक्याचा सिद्धान्त आणि विशेषतः अथानेशियसच्या नावाने ओळखली जाणारी मतपत्रिका जशीच्या तशी मान्य करण्यास रमाबाईंनी असमर्थता दर्शविली. बायबलमध्ये स्पष्टपणे आढळेल तेवढेच मानण्यास आपण बांधील आहोत, अशी त्यांची भूमिका होती. चेल्टनहॅम महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशीही त्यांनी या विषयावर दीर्घ पत्रव्यवहार केला. बील यांनी शंकांना अनादर न समजता त्यांची तात्त्विक उत्तरे देण्याचा प्रयत्न केला.

अध्यापन. चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी सूचना पुढे आली तेव्हा भारतातील बिशपांनी विरोध केला. अशा कामामुळे भारतात परतल्यावर त्यांचा प्रभाव कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. भारतात आपण पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली असताना इंग्लंडमध्ये हा निर्बंध कशासाठी, असा रमाबाईंचा प्रश्न होता. आपल्या बाबतीतील निर्णय आपल्याला न विचारता घेतले जातात, हे त्यांना अधिक खटकले.

क्रूसावरील भाषा. क्रूसावर लॅटिन अक्षरेच असावीत या आग्रहाला त्यांनी हरकत घेतली. लॅटिन ही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, हा त्यांचा युक्तिवाद होता.

आहार. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडी घातलेले पदार्थही टाळीत. जेराल्डीन यांना त्यात जातिअभिमानाचा अवशेष दिसला. आपला आहार हा आपल्या सद्सद्विवेकाचा आणि आवडीचा प्रश्न आहे, असे रमाबाईंनी कळविले. नियम सोडण्याची सक्ती ही नियम पाळण्याच्या सक्तीसारखीच आहे, हा या भूमिकेचा फलितार्थ होता.

भारतातील पुरोहितशाहीतून आपण मोठ्या प्रयासाने बाहेर पडलो असून त्याच प्रकारचे दुसरे जोखड खांद्यावर घेण्याची आपली इच्छा नाही, असा त्यांच्या उत्तरांचा सूर होता. देवाच्या आज्ञा आणि चर्चच्या अधिकाऱ्यांच्या आज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्या मानीत. १८८६ साली त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे अनेक प्रॉटेस्टंट पंथांशी त्यांचा परिचय झाला. पुढील आयुष्यात त्यांनी सर्व पंथांशी सहकार्य ठेवले.

## १८९१ चा अनुभव

अमेरिकेत मिळालेल्या आर्थिक पाठबळावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. विधवा व निराधार मुलींसाठी असलेली ही निवासी शाळा पुढच्या वर्षी पुण्यास हलविण्यात आली. या काळात त्या नियमाने प्रार्थना करीत, बायबल वाचीत आणि परोपकाराचे मोठे कार्य करीत होत्या. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना होऊ लागल्याचे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात सांगितले आहे.

या जाणिवेला विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राने चालना दिली. हॅस्लम अनेक वर्षे विधिपूर्वक धर्मसेवा करीत होता. १८५१ साली स्वतः प्रवचन करीत असतानाच त्याला आपल्या श्रद्धेचा खरा अर्थ उमगला, अशी त्याची कथा आहे. या पुस्तकाच्या वाचनानंतर रमाबाईंनी स्वतःच्या श्रद्धेची कठोर तपासणी केली. पूर्वी त्यांनी उपवास आणि तीर्थयात्रा यांच्या साह्याने पुण्य मिळविण्याचा प्रयत्न केला होता. बाप्तिस्म्यानंतर त्यांची जागा योग्य मते, योग्य विधी आणि सत्कृत्ये यांनी घेतली होती. साधने बदलली तरी आपल्या प्रयत्नाने देवाला प्रसन्न करण्याची धडपड तीच राहिली होती, हे त्यांच्या लक्षात आले.

१८९१ च्या सुमारास या धडपडीचा शेवट झाल्याचे त्या सांगतात. तारण हे कमवायचे वेतन नसून विनामूल्य मिळणारे दान आहे आणि ते स्त्री, विधवा, शूद्र अशा कोणालाही नाकारलेले नाही, या विचाराने त्यांना अपार आनंद झाला. धर्मग्रंथांनी स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाकारल्याची जी वेदना त्यांनी कोलकात्यात अनुभवली होती, तिचे उत्तर त्यांना येथे मिळाले. त्यामुळे हा अनुभव वैयक्तिक आणि सामाजिक अशा दोन्ही अर्थांनी मुक्तीचा होता. त्यांच्या नंतरच्या लेखनात वादाची धार कमी आणि कृतज्ञतेचा स्वर अधिक दिसतो. १८९८ साली इंग्लंडमधील केझिक येथील धर्मपरिषदेतही त्या उपस्थित होत्या. वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रवाहाशी आलेल्या या संबंधाचा त्यांच्या विचारावर परिणाम झाला.

## मुक्ती सदन

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन तेथील अनाथ व निराधार मुलींना आणले. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची व्यवस्था करण्यात आली. या वसाहतीला ‘मुक्ती’ असे नाव देण्यात आले. संस्थेच्या परंपरेत हे नाव यशयाच्या ग्रंथातील साठाव्या अध्यायाशी जोडले जाते. तेथे नगराच्या तटांना तारण आणि वेशींना स्तुती अशी नावे दिली आहेत. १९०० च्या दुष्काळानंतर येथील रहिवाशांची संख्या सुमारे दोन हजारांपर्यंत पोहोचली.

मुक्ती सदन कोणत्याही एका पंथाच्या अधीन नव्हते. येथे शिक्षणाबरोबर विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय आणि छपाई ही कामे शिकविली जात. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय होती आणि समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हा स्वतंत्र विभाग होता. विभागाच्या नावातील ‘कृपा’ हा शब्द रमाबाईंच्या विचाराचे सूत्र सांगतो: आश्रय ही योग्यतेची परतफेड नाही. स्वयंपाकघर, मळा आणि छापखाना येथील कामात जातिभेद मानला जात नसे. मनोरमाबाईंनी आईच्या कामात आयुष्यभर साथ दिली. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील गुलबर्गा येथे शाळाही मुक्तीच्या पुढाकाराने सुरू झाली.

## १९०५ चे संजीवन

ख्रिस्ती परिभाषेत श्रद्धेच्या सामूहिक पुनर्जागृतीला संजीवन असे म्हणतात. १९०४ साली वेल्समध्ये आणि त्यानंतर खासी टेकड्यांत अशा जागृतीची लाट आली होती. जानेवारी १९०५ पासून मुक्ती सदनात दररोज प्रार्थनासभा भरू लागल्या आणि जूनच्या अखेरीस तेथेही मोठी चळवळ सुरू झाली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, पापांची कबुली देताना रडत आणि नंतर आनंदाने गात, टाळ्या वाजवीत. १९०६ पासून काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्याच्या नोंदी आहेत. मुलींचे गट आसपासच्या गावी सुवार्ता सांगण्यासाठी जाऊ लागले.

शांत आणि शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या अनेक मिशनऱ्यांनी यावर टीका केली. रमाबाईंना स्वतःला अन्य भाषांत बोलण्याचा अनुभव आला नव्हता; तरीही त्यांनी मुलींना अडविले नाही. भारतीय ख्रिस्ती माणसाला आपल्या स्वभावानुसार आणि भावनेनुसार देवाची भक्ती करू द्यावी, पाश्चात्त्यांच्या सवयी त्याच्यावर लादू नयेत, असे त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात लिहिले. क्रूसावरील लॅटिन अक्षरांविषयी त्यांनी वीस वर्षांपूर्वी उपस्थित केलेला प्रश्न येथे उपासनेच्या रूपाने पुन्हा पुढे आला. मुक्तीतील सहकारी मिनी एब्रम्स यांच्या पुस्तिकेद्वारे या घटनेची माहिती दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील पेंटेकॉस्टल चळवळीला प्रेरणा मिळाली.

## बायबलचा अनुवाद

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. प्रचलित अनुवादाची भाषा संस्कृतप्रचुर असून ती ग्रामीण व अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, असे त्यांचे मत होते. ज्या पंडितेला संस्कृत विद्येमुळे कीर्ती मिळाली, तिनेच धर्मग्रंथासाठी साधी मराठी निवडली. स्त्री आणि धर्मग्रंथ यांच्यामध्ये अर्थ सांगणारा मध्यस्थ नसावा, हा या निवडीमागील हेतू होता. अक्षरजुळणी आणि छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून पूर्ण झाले.

## टीका आणि मूल्यमापन

रमाबाईंच्या धर्मस्वातंत्र्याच्या विचाराची कसोटी त्यांच्याच संस्थांत लागली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते आणि हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मुभा होती. परंतु काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस बसू लागल्या. आपण कोणासही बोलावीत नाही, मात्र प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार बंदही करणार नाही, असे रमाबाईंचे उत्तर होते. ‘केसरी’ने या प्रकरणी कठोर टीका केली. १८९३ साली रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि इतर सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुलींना काढून घेतले. पूर्णतः संस्थेवर अवलंबून असलेल्या अल्पवयीन मुलीची धर्मनिवड कितपत स्वतंत्र असते, हा टीकाकारांचा प्रश्न गैरलागू नव्हता. दुसरीकडे, विधवेला घरात कोणताच पर्याय न देणाऱ्या समाजाने तिच्या स्वातंत्र्याची काळजी फक्त धर्मांतराच्या वेळी करावी, यातील विसंगतीकडे रमाबाईंच्या समर्थकांनी लक्ष वेधले.

मुक्ती सदनातील दिनक्रम घंटेनुसार चालणारा आणि शिस्तीचा होता. नियमांच्या जोखडाला विरोध करणाऱ्या रमाबाईंनी स्वतः नियमबद्ध संस्था उभारली, असा आक्षेप त्यावरून घेतला जातो. दोन हजार व्यक्तींच्या अन्नवस्त्राची व्यवस्था शिस्तीवाचून अशक्य होती, हे त्याचे व्यावहारिक स्पष्टीकरण आहे. सोयीसाठी केलेला नियम आणि तारणाची अट म्हणून घातलेला नियम यांत रमाबाई फरक करीत. तथापि संस्थेतील प्रत्येक मुलीला हा फरक जाणवत असेलच, असे म्हणता येत नाही.

देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० साली ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे मराठी चरित्र लिहिले. अलीकडच्या काळात मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती आणि गौरी विश्वनाथन यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचा अभ्यास स्त्रीवाद, जातिव्यवस्था आणि वसाहतवाद यांच्या संदर्भात केला आहे. विश्वनाथन यांच्या विवेचनात रमाबाईंचे धर्मांतर हे प्रस्थापित सत्तांशी असहमती व्यक्त करण्याचे साधन म्हणूनही पाहिले गेले आहे.

## मराठी ख्रिस्ती परंपरेतील स्थान

विधिनियमांपलीकडच्या श्रद्धेचा शोध एकट्या रमाबाईंनी घेतला नाही. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. बाह्य कर्मकांडापेक्षा भावाला महत्त्व देणारी वारकरी संतांची शिकवण मराठी माणसाच्या परिचयाची होती, त्यामुळे कृपेचा विचार त्यांना परका वाटला नाही. १९१७ साली मिशनची सेवा सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना प्रवेश होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोवळेओवळे आणि जातिभेद आपल्या मनातून कसे गळून पडले, याचे वर्णन केले आहे.

या दोघांच्या तुलनेत रमाबाईंचा मार्ग वेगळा आहे. टिळकांनी भक्तिपरंपरेशी नाते जोडून मोकळेपणा शोधला. रमाबाईंनी जुन्या परंपरेशी फारकत घेतली आणि नव्या परंपरेशी वाद घातला. दोन्ही मार्गांत परदेशी मिशनची चौकट अपुरी ठरली, हे साम्य मात्र लक्षणीय आहे.

## वारसा

केडगाव येथील पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे. भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंच्या गौरवार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये ५ एप्रिल आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. ज्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी मतपत्रिका, बिशपांची आज्ञा आणि उपासनेची भाषा यांवरून वाद घातला, त्याच चर्चमध्ये आज पवित्र शास्त्राच्या अनुवादक म्हणून त्यांचे स्मरण केले जाते.